तिसाव्या वर्षींची धांव

शर्यतींत धांवणाऱ्या माणसाचें वय हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु विद्येचें वय कोणतें, पराक्रमाचें वय कोणतें, आणि तें ठरवावयाचें कोणीं, हा प्रश्न खचित क्षुल्लक नाहीं. शंभर मीटरांची धांव दहा-अकरा सेकंदांत संपते. तींत अनुभवाला किंवा धिमेपणाला वाव नाहीं. लांब पल्ल्यावर मुरलेला माणूस तरुणास मागें टाकील, पण अल्प पल्ला ही विशी-पंचविशींतील विद्यार्थ्याचीच मिरास होय, असा सर्वसाधारण समज आहे. या समजास शारीरशास्त्राचा आधार नाहीं असें नाहीं. झटक्यानें आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंचें बळ वयाबरोबर उतरत जातें, आणि बहुतेक धांवपटूंचा उत्कर्ष पंचविशीच्या आसपास होतो, हें खरें आहे. तथापि इतिहास बारकाईनें पाहतां असें दिसतें कीं, कोणीं कोणत्या वर्षीं धांवावें हें जितकें शरीर ठरवितें तितकेंच, आणि कित्येकदां त्याहून अधिक, बाहेरची परिस्थिति ठरविते. या विधानाची साक्ष पटविणारें चरित्र अमेरिकेंतील बार्नी यूएल या विद्यार्थ्याचें आहे. तें येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही हें लिहीत आहों तें बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव तालुक्यांत, पिंपळगांव राजा या गांवीं. अमेरिकेंतल्या धांवपटूचें चरित्र वऱ्हाडांतल्या गांवांत बसून कशास लिहावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या काळ्या कापसाळ मुलखांत वेळेवर शाळेंत गेलेला व वेळेवर महाविद्यालयांत पोंचलेला मुलगा हाच पुष्कळ दिवस अपवाद होता. वेंचणीच्या दिवसांत शाळा सुटते. एखाद्या नापिकीच्या सालीं ती कायमची सुटते. मग चार वर्षांनीं घर सांवरल्यावर तोच मुलगा पुन्हा पुस्तक हातीं घेतो, आणि ज्यांना त्यानें अंगाखांद्यावर खेळविलें त्यांच्या शेजारीं वर्गांत बसतो. अशा प्रौढ विद्यार्थ्याकडे शिक्षक सहानुभूतीनें पाहतात. पण क्रीडांगणावर तो उतरला कीं पाहणाऱ्यांच्या भिंवया वर चढतात. त्याचें वय त्याच्या पायांपुढें धांवतें. यूएलची कथा या आमच्या मुलांची सख्खी नसली तरी चुलत कथा आहे.

हॅरल्ड नॉर्वूड यूएल हा २५ फेब्रुवारी १९१८ रोजीं पेनसिल्व्हानिया संस्थानांत हॅरिसबर्ग येथें जन्मला व लॅन्कॅस्टर या गांवीं वाढला. तो कृष्णवर्णीय होता. ज्या काळांत त्याच्या वर्णाच्या माणसास अमेरिकेंत अनेक दारें बंद होतीं, त्या काळांत पायांच्या जोरावर त्यानें पेन स्टेट या महाविद्यालयाचें दार उघडलें. १९३६ सालीं बर्लिन येथें जेसी ओवेन्सनें चार सुवर्णपदकें मिळविलीं तेव्हां यूएल अठरा वर्षांचा होता. (त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण आपल्या देशी व्यायामांचीं प्रात्यक्षिकें दाखविण्यास गेले होते, ही गोष्ट वऱ्हाडांतील वाचकांस स्मरत असेलच.) तीन वर्षांनीं, म्हणजे १९३९ सालीं, यूएलनें दोनशें मीटरांचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. १९४० व १९४१ या लागोपाठ दोन वर्षीं अमेरिकेंतील सर्व महाविद्यालयांच्या सामन्यांत शंभर यार्ड व दोनशें वीस यार्ड या दोन्ही शर्यती त्यानें जिंकल्या. १९४१ सालीं शंभर मीटरांचें राष्ट्रीय अजिंक्यपदही त्याच्याकडे आलें. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं अल्प पल्ल्याच्या धांवेंत जगांत त्याच्या तोडीचे फार थोडे होते.

परंतु जें वय शारीरशास्त्र उत्तम म्हणून दाखवितें, तेंच वय या माणसाच्या वांट्यास नेमकें चुकीच्या वर्षीं आलें. १९४० चे ऑलिंपिक सामने टोकियोस व्हावयाचे होते. चीनशीं चाललेल्या युद्धामुळें जपाननें ते सोडले. ते हेलसिंकीस द्यावे असें ठरलें, आणि युरोपांत युद्ध पेटल्यामुळें तेही रद्द झाले. १९४४ चे सामने लंडनला मिळाले होते. ते तर कागदावरच राहिले. पहिल्या सामन्यांच्या वेळीं यूएल बावीस वर्षांचा असता, दुसऱ्यांच्या वेळीं सव्वीस. धांवपटूच्या आयुष्यांतील दोन्ही उत्तम संधि त्यानें कांहीं न करतां हातच्या गेल्या. युद्धकाळ त्यानें सैन्यांत काढला. लक्षावधि तरुणांनीं त्या वर्षांत प्राण गमावले, त्यांच्यापुढें एका धांवपटूच्या गेलेल्या शर्यतींचें दुःख तें काय, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंही आहे. पण इतिहासकारानें मोठ्या हानीबरोबर लहान हानीचाही हिशेब ठेवावयास हवा. कारण लहान हानीला स्मारक नसतें.

युद्ध संपलें आणि यूएल पुन्हा विद्यार्थी झाला. तो एकटाच असा नव्हता. १९४४ सालीं अमेरिकेनें परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाची सोय करणारा कायदा केला होता. त्याचा परिणाम असा झाला कीं, १९४७ सालीं तेथील महाविद्यालयांत जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. ज्या वर्गांत एरवीं अठरा-वीस वर्षांचीं मुलें दिसावयाचीं, तेथें लढाई पाहून आलेले, कित्येक तर बायकामुलांचे धनी झालेले पुरुष बसूं लागले. प्रौढ विद्यार्थी हसें होण्याचा विषय राहिला नाहीं. यूएलनें १९४७ सालीं, एकोणतिसाव्या वर्षीं, पदवी घेतली. आणि तो नुसता शिकत नव्हता. १९४५ सालीं त्यानें शंभर मीटरांचें, १९४६ व १९४७ सालीं दोनशें मीटरांचें, आणि १९४८ सालीं पुन्हा शंभर मीटरांचें राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें. पहिलें अजिंक्यपद १९३९ चें आणि शेवटचें १९४८ चें. मध्यें एक महायुद्ध होऊन गेलें. अल्प पल्ल्याच्या धांवपटूस इतकीं वर्षें शिखराजवळ टिकून राहणें आजही दुर्मिळ आहे.

१९४८ च्या जुलै महिन्यांत इलिनॉय संस्थानांतील इव्हॅन्स्टन येथें अमेरिकेचा ऑलिंपिक संघ निवडण्यासाठीं शर्यती झाल्या. शंभर मीटरांत सर्वांचे डोळे मेल पॅटन या तेवीस वर्षांच्या कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थ्यावर होते. त्यानें त्याच वर्षीं शंभर यार्ड ९.३ सेकंदांत तोडून विक्रम केला होता. परंतु शर्यत जिंकली ती तिशी गाठलेल्या यूएलनें, आणि तीही १०.२ सेकंदांत, हा जागतिक विक्रमाशीं बरोबरी करणारा वेळ होता. पॅटन दुसरा आला. तिसरा आला हॅरिसन डिलर्ड. हा अडथळ्यांच्या शर्यतींतील जगांतला पहिला पुरुष. पण त्याच निवडसामन्यांत अडथळ्यांस अडखळून त्याची ती शर्यत अपुरी राहिली, आणि केवळ शंभर मीटरांतील या तिसऱ्या क्रमांकामुळें त्यास लंडनला जातां आलें. दैवाचा हा लहानसा फांसा पुढें कोणावर उलटला तें आतां सांगतों.

बॉम्बवर्षावानें पोळलेल्या, शिधापत्रिकांवर जगणाऱ्या लंडन शहरांत बारा वर्षांच्या खंडानंतर सामने भरले. ३१ जुलै १९४८ रोजीं वेंब्लीच्या मैदानावर शंभर मीटरांची अखेरची शर्यत झाली. पाय रोवावयाचे ठोकळे ऑलिंपिकांत प्रथमच वापरण्यांत आले ते याच सामन्यांत. धांवणारे रेषेवर इतके जवळजवळ पोंचले कीं नुसत्या डोळ्यांना निर्णय करतां येईना. यूएलला वाटलें, आपण जिंकलों. आणि आनंदाच्या भरांत तो तेथेंच नाचूं लागला. आठ वर्षें ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, असें ज्यास वाटलें त्यानें नाचूं नये तर काय करावें? परंतु त्याचें लक्ष जवळच्या प्रतिस्पर्ध्यांकडे होतें. मैदानाच्या बाहेरच्या कडेनें डिलर्ड पुढें निघून गेला होता. शेवटच्या रेषेवरील छायाचित्र पाहण्यांत आलें. डिलर्डचा वेळ १०.३ व यूएलचा १०.४ सेकंद ठरला. यूएल डिलर्डजवळ गेला आणि त्यानें त्याचें मनापासून अभिनंदन केलें. पराभव पचविणारे पुष्कळ असतात. विजय साजरा करून झाल्यावर, ऐंशी हजारांच्या मैदानांत, तो विजय दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा विरळा. ही वागणूक आम्हांस त्याच्या १०.२ सेकंदांहून मोठी वाटते, आणि तीस त्याच्या वयाचें कांहीं देणें लागत असावें असेंही वाटतें. विशींतल्या मुलास हें इतक्या सहज साधलें असतें कीं नाहीं याची शंका आहे.

तीन दिवसांनीं दोनशें मीटरांच्या शर्यतींत तोच प्रकार झाला. पॅटन व यूएल या दोघांचाही वेळ २१.१ सेकंद नोंदला गेला. पंचांनीं पहिला क्रमांक पॅटनला दिला. दोन शर्यती, दोन रौप्यपदकें, आणि दोन्ही वेळीं अंतर केंसाएवढें. मग चौघांची रिले शर्यत आली. यूएल, लॉरेन्झो राइट, डिलर्ड व पॅटन यांचा संघ ती सहज जिंकला. पण यूएलनें राइटच्या हातीं दांडी दिली ती आंखून दिलेल्या मर्यादेबाहेर, असें पंचांनीं ठरवून संघास बाद केलें, आणि सुवर्णपदकें इंग्रज संघास देण्यांत आलीं. पुढें शर्यतीचा चित्रपट तपासला. दांडी मर्यादेंतच बदलली होती असें स्पष्ट झालें. निकाल फिरला, इंग्रजांनीं पदकें परत केलीं. पहिल्या शर्यतींत ज्या यंत्रानें त्याचें सुवर्ण हिरावलें, त्याच जातीच्या यंत्रानें तिसऱ्या शर्यतींत तें त्यास दिलें. डोळ्यापेक्षां चित्र खरें, हा धडा लंडननें दोन्ही बाजूंनीं शिकविला.

लंडनच्या त्या मैदानावर वयाची समजूत खोटी पाडणारा यूएल एकटाच नव्हता. जमेकाचा आर्थर विंट हा युद्धांत वैमानिक होता. युद्धानंतर तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत वैद्यक शिकूं लागला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षीं, विद्यार्थी असतांनाच, त्यानें चारशें मीटरांचें सुवर्णपदक जिंकलें. चार वर्षांनीं हेलसिंकीस, बत्तिसाव्या वर्षीं, जमेकाच्या रिले संघांतून त्यानें आणखी एक सुवर्ण मिळविलें, आणि मग तो डॉक्टर झाला. हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कून ही तीस वर्षांची, दोन मुलांची आई. तिनें आतां घर सांभाळावें असें सांगणारे थोडे नव्हते; तिनें त्याच सामन्यांत चार सुवर्णपदकें मिळविलीं. या तिघांच्या आयुष्यांत समान काय? तिघांचींही उमेदीचीं वर्षें युद्धानें खाल्लीं होतीं. त्यांनीं वयावर मात केली असें म्हणण्यापेक्षां, जगानें त्यांस उशिरां बोलाविलें आणि तोंवर ते तयार राहिले, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. युद्धाचें निमित्त नसतांही पुढें १९९२ सालीं बार्सेलोना येथें इंग्लंडच्या लिनफर्ड ख्रिस्टीनें बत्तिसाव्या वर्षीं शंभर मीटरांचें सुवर्णपदक घेतलें. तेव्हां शरीराची मर्यादा आपण मानतों त्याहून बरीच पुढें आहे, हें निर्विवाद आहे.

यूएलच्या चरित्राचा शेवट मात्र मनास चटका लावणारा आहे. लॅन्कॅस्टरच्या लोकांनीं आपल्या गांवच्या या विजयी पुत्राचा गौरव केला, त्यास भेटी दिल्या. त्या काळचे हौशी खेळाचे नियम असे कडक होते कीं, खेळाच्या निमित्तानें कांहीं स्वीकारणें म्हणजे धंदेवाईक होणें. यूएलचा हौशी दर्जा गेला. पुढें पैशाच्या शर्यतींत धांवण्यासाठीं तो ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. परंतु ऑलिंपिकचें दार त्यास बंद झालें. हे नियम अशा लोकांनीं केले होते ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित संपत्ति होती, आणि म्हणून ज्यांना बक्षिसाची गरज नव्हती. गरिबाच्या घरीं आलेली कृतज्ञता त्यांनीं लांच समजून मोजली. ४ एप्रिल १९९६ रोजीं लॅन्कॅस्टर येथेंच यूएल वारला.

याच लंडनच्या सामन्यांत आपल्या महाराष्ट्राचाही एक प्रौढ विद्यार्थी होता, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. कराडजवळील गोळेश्वर येथें १५ जानेवारी १९२६ रोजीं जन्मलेले खाशाबा जाधव हे धांवपटु नव्हते, मल्ल होते. पण त्यांची कथा याच सूत्रांत ओवली जाते. १९४२ च्या चळवळीचे दिवस त्यांच्या शाळेच्या वर्षांतच आले, आणि तींत त्यांनीं भाग घेतला. कराडच्या टिळक हायस्कुलांतलें शिक्षण संपण्यास १९४७ साल उजाडलें; म्हणजे इतर मुलें पदवी घेतात त्या वयांत ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाकडे वळले. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें १९४८ सालीं ते लंडनला गेले. मातीवर वाढलेल्या या मल्लास तेथें गादीवर, अपरिचित नियमांनीं लढावें लागलें. तरीही त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हां राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. सव्विसाव्या वर्षीं खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांचे सामने भरवून त्यांनीं तें ऋण फेडलें.

लॅन्कॅस्टर व कोल्हापूर या दोन गांवांची येथें आपोआप तुलना होते. एका गांवानें आपल्या खेळाडूस विजयानंतर भेट दिली, आणि त्या भेटीनें त्याचें हौशी जीवन संपलें. दुसऱ्या गांवांत एका शिक्षकानें विजयापूर्वीं कर्ज काढलें, आणि त्या कर्जानें एका राष्ट्राचें खातें उघडलें. मदत केव्हां मिळते यावर तिचें फळ अवलंबून असतें. खेळाडूच्या वयाविषयीं आपण इतकी चिकित्सा करतों. मदतीच्या वयाविषयीं कोणी करीत नाहीं. ती नेहमीं उशिरां येते, आणि मग खेळाडूलाच आपण प्रौढ म्हणतों.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्याकडील आंतरविद्यापीठीय सामन्यांस वयाची वरची मर्यादा असते, आणि ती सर्वस्वीं अन्यायाची आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मर्यादा नसेल तर केवळ खेळण्यासाठीं दरसाल नवा प्रवेश घेणारे कायमचे विद्यार्थी निर्माण होतील, आणि अठरा वर्षांच्या खऱ्या विद्यार्थ्यास जागा उरणार नाहीं. हा आक्षेप सयुक्तिक आहे. पण नियम जन्मतारीख पाहतो, आयुष्य पाहत नाहीं. जो सहा वर्षें मैदानावर तयारी करून चोविसाव्या वर्षीं उभा राहतो, आणि जो सहा वर्षें नांगरामागें चालून सव्विसाव्या वर्षीं प्रथमच मैदान पाहतो, त्या दोघांत अधिक मुरलेला कोण? नियमाच्या दृष्टीनें पहिला तरुण, दुसरा बाद. ज्याचें शिक्षण खंडित झालें असा दाखला शाळा देऊं शकते, त्यास तेवढ्या वर्षांची सवलत देणें अशक्य नाहीं. अमेरिकेनें युद्धावरून आलेल्यांसाठीं वर्गांचीं दारें उघडलीं. दुष्काळावरून आलेल्यांसाठीं आपण मैदानांचीं उघडावीं, इतकीच आमची सूचना आहे.

आणि हें केवळ विद्यार्थ्यांपुरतें नाहीं. मूळच्या आमच्याच बुलढाणा जिल्ह्यांतल्या लता करे यांनीं साठी ओलांडल्यावर, पतीच्या औषधोपचारासाठीं, नऊवारी लुगडें नेसून बारामतीची शर्यत जिंकली. त्यांच्या नांवाचा चित्रपट निघाला, त्यांनीं स्वतःच त्यांत काम केलें, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांना कोणीं विशींत धांवावयास बोलाविलें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न कौतुकाच्या गर्दींत फारसा विचारला गेला नाहीं. कौतुक करणें सोपें असतें. हिशेब विचारणें अवघड असतें.

सारांश, यूएलच्या तिसाव्या वर्षींच्या दोन रौप्यपदकांकडे दोन रीतींनीं पाहतां येतें. एक रीत अशी कीं, इतक्या वयांत हें साधलें म्हणून विस्मय मानावा. दुसरी अशी कीं, बाविसाव्या व सव्विसाव्या वर्षीं जें साधूं दिलें गेलें नाहीं त्याचें स्मरण ठेवावें. पहिल्या रीतीनें माणूस मोठा दिसतो. दुसऱ्या रीतीनें काळाचा दोष दिसतो. इतिहास लिहिणाऱ्यानें दोन्ही डोळे उघडे ठेवावे. आणि पिंपळगांव राजाच्या एखाद्या थोराड विद्यार्थ्यानें उद्यां चुन्याच्या रेषेवर गुडघा टेकला, तर त्याचें वय विचारण्यापूर्वीं तो इतके दिवस कोठें होता हें विचारावें. म्हणजे वयाचें उत्तर आपोआप मिळेल.